हुंबाड्याच्या नावानं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून ठेवतो. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली गोष्ट हळव्या आवाजात सांगावी, अशी तुमची अपेक्षा असेल. मला ते जमणार नाही. जे कानावर पडेल ते जसंच्या तसं परत सांगायचं, एवढंच माझं काम. ते मी इमानानं केलं. तरीही माझ्याच फितीवरून एक खोटं उभं राहिलं, गावोगाव गेलं, आणि त्या खोट्यापायी एका निरपराध बाईचे हात भाजले.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या बायकांनी माझ्या पोटातल्या तारा जोडल्या. मी काळा, चपटा, शाळेच्या पाटीएवढा. एका कडेला धरायला मूठ, समोर पाच बटणं, त्यांतलं एक लाल. पोटात चार सेल घातले की मी विजेच्या तारेशिवाय कुठंही चालायचो. या एका गुणामुळं १९९३ साली कोल्हापुरातल्या एका दुकानात रुद्राप्पांनी मला उचललं.

रुद्राप्पांचं पेठ वडगावात दोरखंडाचं दुकान होतं. कासरे, दावी, मोटेचे जुने सोल, शिंकाळी, सगळं त्यांच्याकडं मिळायचं. माणूस सरळ, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. घरी त्यांनी बायकोला, रत्नव्वाला, सांगितलं की वचनं ऐकायला यंत्र आणलंय. पहिल्याच सुट्टीला त्यांनी मला पिशवीत घालून एम-एटीच्या हँडलला अडकवलं आणि आम्ही कोडोलीवरून पन्हाळ्याच्या पलीकडच्या रानात गेलो. रत्नव्वा काय समजायचं ते समजली.

रुद्राप्पांना एका जनावराच्या शोधाचा नाद लागला होता. त्या रानात हुंबाड्या राहतो असं आसपासची गावं सांगत. दाराएवढा उंच, अंगभर केस, पावलं उलटी, आणि पाऊस तोंडावर आला की दरीतून ‘हूंऽ’ असा आवाज काढतो. पाहिला कुणीच नव्हता; पाहिलेल्या माणसाला ओळखणारे मात्र पुष्कळ होते. रुद्राप्पा लहानपणी आजोळी आले असताना त्यांनी तो आवाज ऐकला होता. पन्नाशी आली तरी तो त्यांच्या कानातून गेला नव्हता.

त्यांनी शोध फार मन लावून केला. एक दुरेघी वही घातली होती. तिच्यात रकाने आखले होते: उंची, केस, पाऊल, आवाज, वेळ, सांगणाऱ्याचं नाव. ओल्या मातीत पाऊल उमटलं असेल तर ते सुतळीनं मोजायचे. केस सापडला तर कागदाच्या पुडीत बांधायचे. बहुतेक केस म्हशीचेच निघायचे आणि ते तसं वहीत लिहूनही टाकायचे. वडगावात लोक त्यांना ‘हुंबाड्या शेठ’ म्हणत. ते हसण्यावारी नेत. मला मात्र ते जिवापाड जपत. दर महिन्याला काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटात बुडवून माझं डोकं पुसत. धुळीतून जाताना मला आपल्या टॉवेलात गुंडाळत. तीन वर्षं मी गुराखी, मध काढणारे, शिक्षक, फॉरेस्टचे वॉचमन अशा कितीतरी माणसांचं बोलणं साठवलं. ते दिवस माझ्या सुखाचे होते.

१९९४च्या दिवाळीनंतर आम्ही बयाबाईकडं गेलो.

रानाच्या ऐन पोटात धनगरांची दोनच घरं होती. त्यातल्या एका घरात बयाबाई राहायची. चार म्हशी, वीसेक शेळ्या, कुडाचा गोठा. साठीच्या घरातली, काटक, कपाळ मोकळं. सगळीकडं सांगितलं जायचं की हिच्या नवऱ्याला अकरा वर्षांपूर्वी हुंबाड्यानं नेलं. रुद्राप्पांच्या दृष्टीनं यापेक्षा मोठी साक्ष दुसरी नव्हती. तिनं आम्हाला घोंगडं अंथरून दिलं, रुद्राप्पांना तांब्याभर ताक दिलं आणि माझ्याकडं बोट करून विचारलं, “ही पेटी काय करती, अप्पा?”

“तुम्ही बोलाल ते ठेवून घेती.”

“समदं?”

“समदं.”

मग ती बोलली. ते बोलणं आजही माझ्या फितीवर आहे. “आमच्या मालकास्नी हुंबाड्यानं वढून न्हेलं, म्हणत्यात लोक. म्या न्हाय म्हणत. त्या दिशी ते लाकडाच्या ठेकेदाराकडं ओंडकं भराय गेलतं. सांच्याला ट्रक माघारी आला, ते न्हाय आलं. मुकादम दारात आला आनि म्हणाला, हुंबाड्या घिऊन ग्येला. आनि त्येंचं घोंगडं माझ्या हातात दिलं. अप्पा, त्ये घोंगडं घडी घातल्यालं हुतं. जनावर माणूस वढून न्हेतंय, ते घोंगड्याची घडी घालून ठेवतंय व्हय?”

रुद्राप्पांनी वही उघडून विचारलं, “बरं, मुकादमानं हुंबाड्याची उंची काय सांगितली?”

बयाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. माझ्या फितीवर उत्तराच्या जागी फक्त कोंबडीचं कलकलणं आणि एका शेळीच्या गळ्यातली घंटा आहे. मित्रांनो, रुद्राप्पा माझे मालक. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्या दिवशी मला तोंड असतं तर मी त्यांनाही सोडलं नसतं. एक बाई आपला नवरा कसा गेला ते सांगत होती आणि हा भला माणूस रकाना भरत होता.

पुढं १९९६च्या मे महिन्यात, वळिवाच्या आदल्या पहाटे, आम्हाला तो आवाज मिळाला. दरीतून तीनदा आला. लांबलचक, माणसानं कण्हावं तसा. रुद्राप्पांनी लाल बटण दाबून मला दरीकडं धरलं. कोल्हापुरात कॉलेजात शिकवणाऱ्या एका पक्ष्यांच्या जाणकाराला त्यांनी तो ऐकवला. त्या जाणकारानं डोळे मिटून तीन वेळा ऐकला आणि सांगितलं, “हे रानातलं मोठं घुबड. दाट झाडीतच राहतं, सहसा दिसत नाही. आवाज उत्तम मिळालाय तुम्हाला.”

रुद्राप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आवाजाच्या रकान्यात लिहिलं, ‘घुबड.’ जन्मभर ज्याच्या मागं लागले ते हातून गेलं, तरी खोटं लिहिलं नाही. त्यांची ही एक गोष्ट मला फार मोठी वाटते.

पण त्यांनी एक चूक केली. बयाबाईचं बोलणं आणि ते घुबड ज्या फितीवर होतं ती जुनी होत चालली होती, तिची एक नक्कल असावी म्हणून ते कोल्हापुरात बाळासोच्या दुकानात गेले. बाळासो कॅसेटी भरून द्यायचा. गोंधळाच्या, भजनांच्या, लग्नातल्या बँडच्या. त्याच्याकडं दोन फिती एकदम चालणारी मोठी यंत्रं होती. रुद्राप्पांची त्याच्याशी जुनी ओळख. “चार दिवसांनी या शेठ,” असं म्हणून त्यानं फीत ठेवून घेतली. चार दिवसांनी नक्कल मिळाली, मूळ फीतही मिळाली. त्यानं स्वतःसाठीही एक नक्कल काढून ठेवली आहे, हे आम्हाला माहीत नव्हतं.

दिवाळीच्या सुमाराला रुद्राप्पा कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर उसाचा रस पीत उभे होते. मी पिशवीत होतो. शेजारच्या गाड्यावर एक कॅसेट वाजत होती. आधी ढोल, मग एक जाड, घोगरा, अंगावर येणारा आवाज. मी तो ओळखला. ते आमचंच घुबड होतं. फीत संथ फिरवून त्याचा राक्षस केला होता. मग कुणी बुवा भसाड्या सुरात म्हणाला, ‘ऐका, त्या अभागिनीच्याच तोंडून!’ आणि बयाबाईचा आवाज आला.

‘आमच्या मालकास्नी हुंबाड्यानं वढून न्हेलं.’

पुन्हा ढोल. पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्यांदा तेच वाक्य.

पुढचं ‘म्हणत्यात लोक’ कुठं गेलं? ‘म्या न्हाय म्हणत’ कुठं गेलं? घोंगडं कुठं गेलं, ट्रक कुठं गेला, मुकादम कुठं गेला? मित्रांनो, तिच्या तोंडी कुणी एकही खोटा शब्द घातला नव्हता. खरे शब्द तेवढे कापून टाकले होते. आणि जी गोष्ट ती बाई तेरा वर्षं नाकारत आली होती, तीच तिच्या आवाजात गाड्यावर विकायला ठेवली होती.

रुद्राप्पा रसाचा ग्लास तसाच ठेवून बाळासोच्या दुकानात गेले. बाळासोनं त्यांना बसायला स्टूल दिलं.

“घुबड कोन इकत घेतंय, शेठ?” तो म्हणाला. “तुमच्या घुबडाला म्या मोठा केला की.”

“आणि बयाबाईचं बोलणं तोडलंस ते?”

“तिचंच त्वांड, तिचंच बोलनं. फकस्त शेपूट कापलं. तुमचं नाव छापू काय वरती? संशोधक म्हणून?”

रुद्राप्पा मोठ्यानं बोलणारे नव्हते. ते उठले, काउंटरवरच्या दहा-बारा कॅसेटी उचलल्या आणि दुकानाबाहेर गटारात टाकल्या. बाळासो हसत होता. त्याच्या मागच्या खोक्यात शेकड्यांनी पडल्या होत्या.

त्या थंडीत ती कॅसेट गारगोटीपासून निपाणीपर्यंत वाजली. जीपा भरभरून माणसं रानात येऊ लागली. रविवारी तर बयाबाईच्या दारात रांग लागायची. ‘म्हातारे, हुंबाड्या दाव.’ ‘म्हातारे, ते न्हेल्यालं परत येकदा म्हण.’ कुणी तिच्या गोठ्यात डोकावायचं, कुणी शेळ्यांना दगड मारून ओरडवायचं. एकदा दोघा-तिघांनी तिला हुंबाड्याची बायको म्हटलं. हे सगळं तिथल्या वॉचमननं दुकानात येऊन सांगितलं. रुद्राप्पा तिच्याकडं जायचं म्हणायचे आणि जायचे नाहीत. त्यांना लाज वाटत होती. लाज वाटली म्हणून माणूस घरी बसतो, आणि ज्याच्यावर वेळ आलेली असते तो एकटाच राहतो. मला याचाही राग आहे.

मार्चमध्ये कॉलेजच्या वयाची काही पोरं हुंबाड्याला बाहेर काढायला आली आणि त्यांनी वाळल्या गवताला काडी लावली. वारा वरच्या अंगाला होता. आग राईतून सरळ धनगरांच्या घरांकडं आली. बयाबाईनं गोठ्याचं दार उघडून म्हशी हाकलल्या, शेळ्या एकेक करून बाहेर फेकल्या. सात शेळ्या आत राहिल्या. गोठा गेला. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. पोरं जीपमध्ये बसून कधीच निघून गेली होती.

आता मात्र रुद्राप्पा गेले. बयाबाई पट्ट्या बांधलेले हात मांडीवर ठेवून दारात बसली होती. पूर्वी ती त्यांना अप्पा म्हणायची.

“पावणं,” ती म्हणाली, “तुमची पेटी समदं ठेवून घेती म्हणला हुता.”

ती पुन्हा म्हणाली, “जावा आता.”

पण एवढ्यावर भागलं नाही. पायथ्याच्या गावात ग्रामसभा ठरली. गावाचं म्हणणं असं की, आग धनगरांनीच नव्या गवतासाठी लावली. शिवाय या बाईनंच कॅसेट काढून जत्रा भरवली, गावाला ताप झाला. तेव्हा दोन्ही घरं रानातून उठवावीत आणि खाली गायरानात हलवावीत. तिथं चारा नव्हता आणि पाणीही नव्हतं. म्हशींवर जगणाऱ्या माणसांना तिथं नेणं म्हणजे त्यांचं पोट काढून घेणं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी रत्नव्वानं मला फळीवरून खाली काढलं आणि रुद्राप्पांच्या पुढ्यात ठेवलं.

“आवाज ह्या पेटीतनं बाहेर गेलाय न्हवं?” ती म्हणाली. “मग त्यो परत न्यायचं काम बी तुमचंच. नवं सेल घाला.”

सभा शाळेच्या अंगणात सकाळी भरली. बयाबाई एका कडेला जमिनीवर बसली होती. तिला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. सरपंच ठराव वाचायला उभे राहिले, तोच रुद्राप्पा पुढं झाले आणि त्यांनी मला टेबलावर ठेवलं.

“कॅसेट माझ्या फितीवरनं काढलीया,” ते म्हणाले. “बाईला त्यातलं कायसुद्धा ठाऊक न्हवतं. आधी मूळ ऐका, मग ठराव करा.”

मी माझ्या आयुष्यात इतक्या जोरानं कधी बोललो नव्हतो. अंगणात तीनशे माणसं असतील. ‘आमच्या मालकास्नी हुंबाड्यानं वढून न्हेलं’ हे येताच मागं काही पोरं हसली, कारण ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं. आणि मग त्यांना पाठ नसलेलं आलं. ‘म्हणत्यात लोक. म्या न्हाय म्हणत.’ हसणं थांबलं. ट्रक आला, मुकादम आला, घोंगडं आलं, घोंगड्याची घडी आली. मग रुद्राप्पांचा तो प्रश्नही आला, ‘हुंबाड्याची उंची काय सांगितली?’ बटण दाबून ते मला आधीच थांबवू शकले असते. त्यांनी हात मागं बांधून घेतले आणि स्वतःचा तो प्रश्न भर सभेत ऐकला. पुढची कोंबडी आणि घंटाही सगळ्यांनी ऐकली.

सभेच्या मध्यातून एक म्हातारा उठला. गणपतराव त्याचं नाव. तरुणपणी तो त्याच ठेकेदाराकडं ट्रक भरायला होता. तो टेबलापाशी आला आणि माझ्याकडं बघूनच बोलला, जणू माणसांकडं बघणं त्याला जमत नव्हतं.

“बंद करा ती पेटी. ती घडी म्या घातली.”

रुद्राप्पांनी मला बंद केलं आणि गणपतराव पुढं बोलू लागला.

“साखळी तुटली आनि ओंडका वरनं सुटला. जागीच ग्येला त्यो. झाडं चोरून तोडत हुतो, परवाना न्हवता. मुकादम म्हणाला, हुंबाड्यानं न्हेलं म्हणून सांगायचं, न्हायतर समदी आत जाशीला. हिरड्याखाली दगडं रचून ठिवला त्येला. घोंगडं तिथंच पडलं हुतं. मुकादम ते तसंच गोळा करून द्याय निघाला. म्या म्हटलं, इस्कटल्यालं कसं द्यायचं बाईच्या हातात? म्हणून घडी घातली.”

बयाबाई उठली. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती त्याला मारील असं मला वाटलं. भाजलेल्या हातांनी तरी मारावं असंही वाटलं. ती म्हणाली, “चवदा वरसं झाली, गणपतराव. तुज्या घरला म्या रोज दूध घालत हुतो.”

त्याच दिवशी हिरड्याखालचे दगड काढले. पोलीस आले, पंचनामा झाला, बयाबाईनं आपल्या माणसाला अग्नी देववला. घरं हलवण्याचा ठराव कुणी वाचलाच नाही. दोन्ही घरं रानातच राहिली. पण शिक्षा कुणाला झाली विचाराल, तर कुणालाच नाही. ठेकेदार मरून गेला होता, मुकादमाचा पत्ता नव्हता. आग लावणारी पोरं सापडली नाहीत, कारण त्यांना कुणी शोधलंच नाही. आणि बाळासोची कॅसेट पुढं दोन वर्षं विकली गेली. सभेत ऐकलेली माणसं तीनशे. कॅसेट ऐकलेली हजारो. त्या हजारोंना ‘म्हणत्यात लोक’ आजही माहीत नाही.

रुद्राप्पांनी वही मिटली आणि मला माळ्यावर, काथ्याच्या गुंडाळ्यांमागं ठेवलं. सात वर्षं मी तिथं पडून होतो. माझा रबरी पट्टा सैल पडला, मूठ उंदरानं कुरतडली. तोवर लोकांच्या खिशात मोबाइल आले. मला कुणी विचारीना. मी दोष देत नाही. पण अंधारात पडून तेच तेच वाक्य मनात घोळवणं सोपं नसतं.

२००४ साली एका दुपारी दुकानात ओळखीचा आवाज आला. “ती पेटी हाय काय अजून?”

बयाबाई होती. तीन एसट्या बदलून आली होती. रत्नव्वानं तिला आत नेऊन पाणी दिलं, जेवायला बसवलं. रुद्राप्पांनी मला खाली काढलं, कापूस-स्पिरिट घेऊन डोकं पुसलं, गल्लीतल्या रेडिओवाल्याकडून पट्टा बदलून आणला, कोरी फीत घातली. मग ते तिच्यासमोर बसले. या वेळी वही नव्हती.

“काय बोलायचंय, बयाबाई?” त्यांनी विचारलं.

“हुंबाड्याचं लई झालं. आमच्या मालकांचं कुणी इचारलंच न्हाय.”

मग ती तासभर बोलली. तिचा नवरा उंच नव्हता, बुटका होता. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तिचं दुखणं ओळखायचा. त्याला कैरीचं लोणचं चालायचं नाही, दात आंबायचे. भांडण झालं की तो गोठ्यात झोपायचा आणि सकाळी आधी तोच बोलायचा. ओंडके भरायच्या कामावर तो आठच दिवस गेला होता, पत्र्यासाठी. घराला पत्रा घालायचा होता.

आणि मग ती थांबली. इतकी वर्षं तिनं मालक म्हटलं, ते म्हटलं, आमचं माणूस म्हटलं. तिच्या पिढीतल्या बाया नवऱ्याचं नाव घेत नसत. ते नाव घेणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. सरकारी कागदावरही ते चुकीचं लिहिलं गेलं होतं. रत्नव्वानं तिच्या पाठीवर हात ठेवला. बयाबाई माझ्याकडं वाकली आणि तिनं सावकाश, तीन शब्दांत नाव सांगितलं.

“धाकलू विठू येडगे.”

तिच्या तोंडून ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मित्रांनो, मी आता फार दिवस चालेन असं नाही. माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही. माझ्यासारखी यंत्रं भंगारात जातातच. पण कुणी तुमच्यापाशी मन मोकळं करायला बसलं, तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या, आणि पुढं सांगताना पुरंच सांगा. तुमच्या घरी एखादी जुनी फीत असेल तर तिच्यावर गाणी भरू नका. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की आतला आवाज पुन्हा कुणाला पुसता येत नाही. बयाबाई एसटीत बसून गेल्यावर रुद्राप्पांनी ती फीत हातात घेतली, पेचकसाचं टोक घातलं आणि दोन्ही पट्ट्या मोडून टाकल्या.